मुलांच्या मनाला उभारी देणाऱ्या संस्थांसाठी सीएसआर निधी: मुंबईत अर्जाची तयारी कशी करावी

दहावीला नापास झालेली मुलगी पुन्हा फॉर्म भरते. वडिलांचं काम सुटल्यावर शाळा सोडायला निघालेला मुलगा वर्गात टिकून राहतो. तोडक कारवाईत घर गेलेली पोरं काही महिन्यांनी पुन्हा मैदानावर दिसू लागतात. यामागे बहुतेक वेळा एक विश्वासाचं मोठं माणूस असतं: समुपदेशक, खेळाचा प्रशिक्षक किंवा वस्तीतली ताई. गोवंडी, मानखुर्द, धारावी, मालवणी अशा भागांत अशी माणसं घडवणाऱ्या आणि टिकवणाऱ्या संस्था आहेत. याच शहरात नरिमन पॉइंट, लोअर परळ आणि बीकेसीत बड्या कंपन्यांची मुख्यालयंही आहेत आणि त्यातल्या अनेकींना सामाजिक कामावर ठरावीक रक्कम खर्च करणं कायद्याने बंधनकारक आहे. यालाच सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, म्हणतात. काम चांगलं असूनही हा पैसा संस्थेपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा कारण बहुधा कागदांत असतं. ही माहिती मुख्यतः लहान संस्थांसाठी आहे, जिथे कामही तीच माणसं करतात आणि फाइलही तीच सांभाळतात.

कोणत्या कंपनीकडे जायचं

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार मागच्या आर्थिक वर्षात जिची नक्त मालमत्ता (नेट वर्थ) ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एक मर्यादा गाठतो, त्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. नफ्याची अट पाहा. तिच्यात फक्त नामांकित उद्योगसमूह येत नाहीत, अंधेरी किंवा भिवंडीतली मध्यम आकाराची खासगी कंपनीही येते. लहान संस्थेने सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. ज्या कंपनीचं वार्षिक सीएसआर दायित्व ५० लाखांपर्यंत आहे, तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेतं. त्यामुळे तुमचा अर्ज थेट निर्णय घेणाऱ्या माणसासमोर जाण्याची शक्यता वाढते.

याच कलमात कंपनीने आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही म्हटलं आहे. तुमची वस्ती आणि कंपनीचं कार्यालय किंवा गोदाम जवळ असेल, तर अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच ते लिहा.

कंपनीचं सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्पांची यादी तिच्या संकेतस्थळावर असणं बंधनकारक आहे, अर्थात कंपनीचं संकेतस्थळ असेल तर. अर्ज लिहायला घेण्यापूर्वी हे वाचा. ज्या कंपनीने सगळा पैसा जलसंधारणाला ठेवला आहे, तिला किशोरवयीनांच्या समुपदेशनाचा प्रस्ताव पाठवून दोघांचाही वेळ जातो.

संस्था पात्र आहे का

कंपनी दुसऱ्या संस्थेमार्फत काम करते तेव्हा ती संस्था साधारणपणे नोंदणीकृत सार्वजनिक न्यास (ट्रस्ट), नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी असावी लागते. तिच्याकडे आयकराची १२ए नोंदणी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी) आणि ८०जी मान्यता (देणगीदाराला करसवलत देणारी) हवी. संस्था त्या कंपनीनेच स्थापन केलेली नसेल, तर तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभवही हवा. कालपरवा नोंदणी झालेल्या संस्थेला म्हणूनच थेट सीएसआर निधी मिळत नाही. अशा संस्थेने एखाद्या जुन्या संस्थेसोबत काम सुरू करून अनुभवाची नोंद ठेवायला लागावं.

आयकराच्या बाबतीत नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. ती संपण्याच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, जे आधी येईल तेव्हा, नियमित नोंदणीचा अर्ज करायचा असतो. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवण्याइतकी महत्त्वाची आहे. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. संस्थांच्या बोलण्यात १२ए आणि ८०जी हीच नावं रुळलेली आहेत, म्हणून इथे तीच वापरली आहेत. अर्ज भरताना मात्र आयकर पोर्टलवरचा चालू क्रमांक पाहावा.

शेड्यूल एकचा उतारा

महाराष्ट्रात न्यास आणि सोसायटी दोघांचीही नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे असते. बृहन्मुंबईसाठी हे कार्यालय वरळीला डॉ. अ‍ॅनी बेझंट मार्गावर आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र बहुतेक संस्था फ्रेम करून लावतात. कंपनीच्या वतीने तपासणी करणारी माणसं मात्र शेड्यूल एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या न्यासांच्या नोंदवहीचा, ताजा उतारा मागतात. त्यात आज कायद्याच्या दृष्टीने विश्वस्त कोण आहेत ते दिसतं.

अर्ज सगळ्यात जास्त इथे अडकतात. विश्वस्त बदलला, कोणी राजीनामा दिला, कोणाचं निधन झालं, तर कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, दाखल करावा लागतो. कामाच्या धबडग्यात तो राहून जातो. मग उताऱ्यावर दहा वर्षांपूर्वीची नावं, बँकेत दुसऱ्याच सह्या आणि अर्जावर तिसऱ्याच अध्यक्षांचं नाव अशी स्थिती होते. कंपनीला यात गैरव्यवहाराचा वास येतो, जरी संस्थेने एक रुपयाही इकडचा तिकडे केलेला नसला तरी. माझं ठाम मत आहे की प्रस्तावाची एक ओळ लिहिण्याआधी हा उतारा काढावा, नावं पडताळावीत आणि राहिलेले बदल अर्ज दाखल करावेत. उशीर झाला असेल तर उशीर माफ करण्याची विनंती सोबत जोडावी लागते आणि निकालाला वेळ लागतो. तोवर दाखल केलेल्या अर्जाची पोचपावती कंपनीला दाखवता येते. काही कंपन्या ती मान्य करतात.

बाकीच्या कागदांची जुळवाजुळव तुलनेने सोपी आहे. न्यासपत्र किंवा घटना व नियमावली, संस्थेचं पॅन कार्ड, १२ए आणि ८०जीचे आदेश, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि आयकर विवरणपत्रं, रद्द केलेला धनादेश, विश्वस्तांची ओळखपत्रं आणि अर्ज करण्याचा अधिकार कोणाला दिला आहे त्याचा ठराव. ३१ मार्चला हिशेब बंद झाल्यावर सहा महिन्यांत लेखापरीक्षण पूर्ण करून ते धर्मादाय कार्यालयाकडे ऑनलाइन जाणं अपेक्षित असतं. त्याची पोचही फाइलला लावा. पैसा परदेशातून थेट येणार असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांविषयीचा कायदा) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरलेलं खातं लागतं. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

सीएसआर-१

१ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरल्याशिवाय कोणत्याही संस्थेला कंपनीचं सीएसआर काम घेता येत नाही. तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर भरायचा असतो. संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची डिजिटल सही लागते आणि व्यवसायात असलेल्या सनदी लेखापालाने, कंपनी सचिवाने किंवा परिव्यय लेखापालाने (कॉस्ट अकाउंटंट) तो आपल्या डिजिटल सहीने प्रमाणित करावा लागतो. यशस्वीपणे भरला की सीएसआर नोंदणी क्रमांक मिळतो. नावाचं स्पेलिंग पॅन कार्डावर जसं आहे तसंच टाका. न्यासपत्रावर ‘मंडळ’ आणि पॅनवर ‘ट्रस्ट’ असा फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. हा क्रमांक म्हणजे निधीची हमी नव्हे. कोणी एजंट क्रमांकासोबत देणगी मिळवून देण्याचं आश्वासन देत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

प्रस्तावात काम कोणत्या शब्दांत मांडायचं

सीएसआरचा खर्च कायद्याच्या अनुसूची सातमधल्या विषयांतच बसावा लागतो. ‘मुलांची सावरण्याची ताकद’ असा विषय त्या यादीत नाही. पण प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा आहे, शिक्षण आणि रोजगारक्षम कौशल्यं आहेत, मान्यताप्राप्त खेळांचं प्रशिक्षण आहे, झोपडपट्टी विकासही आहे. या विषयांचा अर्थ उदारपणे लावावा असं मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलं आहे. समुपदेशनाचा प्रकल्प प्रतिबंधात्मक आरोग्याखाली मांडता येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं होतं, हा आधार तिथे द्या. गळती रोखण्याचा प्रकल्प शिक्षणाखाली घ्या. मोजमाप साधं ठेवा: किती मुलं वर्षभर येत राहिली, किती जण शाळेत परतले, किती जणांना पुढे रुग्णालयात पाठवलं आणि त्यातले किती तिथे पोहोचले. ‘आत्मविश्वास ८० टक्के वाढला’ असं लिहू नका. ते कोणी मोजू शकत नाही आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं.

पगाराचा मुद्दा सोडू नका

अंदाजपत्रक पाहून कंपनीकडून हमखास प्रश्न येतो: एवढे पगार कशाला, प्रशासकीय खर्च तर ५ टक्क्यांतच बसायला हवा ना? यावर संस्था मान खाली घालतात आणि समुपदेशकाचं मानधन कापतात. तसं करायची गरज नाही. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यात धरला जात नाही. समुपदेशकाचा पगार, तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाचं मानधन, वस्तीतल्या ताईंचा प्रवासखर्च हाच या कामाचा गाभा आहे. वह्या, दप्तरं आणि टी-शर्ट यांचे फोटो छान येतात, पण मूल सावरतं ते टिकून राहिलेल्या माणसामुळे. दर सहा महिन्यांनी समुपदेशक बदलला तर मुलाचा विश्वासच तुटतो. हे नम्रपणे पण स्पष्ट लिहा.

याच कारणाने प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करण्याची विनंती करा. नियमांनुसार तो सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. न खर्चलेली रक्कम कंपनीला वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि ती त्या प्रकल्पासाठी राखलेली राहते. चालू प्रकल्प नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत अनुसूची सातमधल्या निधीत जमा करावी लागते. त्यामुळेच फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘लगेच खर्च करा’ असे फोन येतात, नेमके बोर्डाच्या परीक्षांच्या दिवसांत, जेव्हा मुलांपर्यंत पोहोचणं सगळ्यात अवघड असतं. दिवाळीनंतर प्रस्ताव द्या, म्हणजे पुढच्या वर्षाच्या आराखड्यात तो येऊ शकतो आणि जूनमध्ये शाळा उघडताना काम सुरू होतं.

कंपनीचे कर्मचारी स्वयंसेवक म्हणून येणार असतील तर स्वागत करा, पण त्यांच्या वेळेची किंमत सीएसआर खर्चात धरता येत नाही. त्या बदल्यात रोख निधी कमी करू देऊ नका.

शाळेची परवानगी आणि मुलांची गोपनीयता

महापालिकेच्या शाळेत काम असेल तर पालिकेच्या शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागते, मुख्याध्यापकांचा तोंडी होकार पुरत नाही. खासगी अनुदानित शाळेत व्यवस्थापनाचं पत्र घ्या. बाल संरक्षण धोरण लेखी ठेवा आणि प्रत्येक कार्यकर्त्याची त्यावर सही घ्या. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. समुपदेशकाने मुलाला दिलेला गोपनीयतेचा शब्द इथे लागू होत नाही आणि हे मुलाला पहिल्याच भेटीत समजेल अशा भाषेत सांगितलेलं असावं.

पैसा हप्त्यांनी येतो. दर हप्त्यानंतर सनदी लेखापालाचं विनियोग प्रमाणपत्र द्यावं लागतं, कारण निधी ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचं कंपनीच्या वित्त प्रमुखाला प्रमाणित करायचं असतं. या निधीसाठी हिशेबात स्वतंत्र खातेवही ठेवली की हे काम हलकं होतं.

अहवालासाठी कंपनीचा संपर्क विभाग ‘एखाद्या मुलाची कहाणी’ मागतो, नाव आणि फोटोसकट. पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची तयारी नसेल तर देऊ नका. अत्याचार किंवा काळजी-संरक्षणाच्या प्रकरणातल्या मुलाची ओळख उघड करणं तर कायद्यानेच मना आहे. मुलांची ओळख पटेल असा मजकूर किंवा छायाचित्र संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय वापरलं जाणार नाही, हे कलम करारात सही होण्याआधीच घालून घ्या.