विषारी वायू डिटेक्टरचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड, क्लोरीन यांचे डिटेक्टर आयएसओ/आयईसी १७०२५ (चाचणी आणि कॅलिब्रेशन प्रयोगशाळांच्या क्षमतेचे आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट करून, म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या वायूशी रीडिंग ताडून, घ्यावेत. अर्जाआधी प्रयोगशाळेचा स्कोप, म्हणजे तिला कोणत्या वायू आणि रेंजसाठी मान्यता आहे त्याची यादी, पाहा. मान्यता सरसकट नसते. तुमचा वायू आणि रेंज त्यात नसेल, तर ते प्रमाणपत्र ऑडिटमध्ये टिकत नाही.

उपकरण चालू होऊन सेल्फ-टेस्ट पास करणारे हवे आणि सेन्सरची मुदत शिल्लक हवी. इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर साधारण दोन-तीन वर्षे चालतो. थकलेला सेन्सर स्पॅन (ज्ञात प्रमाणाच्या वायूवर रीडिंग जुळवणे) घेत नाही, उपकरण नापास होऊन परत येते. तेव्हा सेन्सर आधी बदला, अर्ज नंतर करा.

अर्जात मॉडेल, सिरियल नंबर, वायू, रेंज, तपासणीचे बिंदू आणि अलार्मचे सेटपॉइंट (ज्या प्रमाणाला अलार्म वाजतो ते) लिहा. सोबत मागचे प्रमाणपत्र, निर्मात्याचे मॅन्युअल आणि उपकरणावर घातक रसायनाचा अंश नसल्याचे घोषणापत्र जोडा. बॅटरी पूर्ण चार्ज करून पाठवा. नायट्रिक ऑक्साइडसारख्या सेन्सरला सतत बायस व्होल्टेज (बॅटरीतून मिळणारा छोटा स्थिर विद्युतदाब) लागते. ते तुटले की स्थिर व्हायला बरेच तास जातात.

अॅडजस्टमेंटच्या (चुकणारे रीडिंग सुधारण्याच्या) परवानगीचा रकाना कोरा सोडू नका. ‘हो’ लिहा, पण अॅडजस्टमेंटच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही रीडिंग मागा. समजा २५ पीपीएम (दशलक्षात २५ भाग) हायड्रोजन सल्फाइडला उपकरण १६ दाखवत होते. म्हणजे १० पीपीएमचा अलार्म प्रत्यक्षात १५-१६ पीपीएमला वाजत होता आणि तोवर माणसे त्याच हवेत काम करत होती. फक्त नंतरचे आकडे मिळाले, तर हे कधीच कळत नाही.

प्रयोगशाळेत आधी स्वच्छ हवेवर झीरो (शून्य रीडिंग जुळवणे), मग प्रमाणित वायूवर स्पॅन होतो. पोर्टेबल उपकरणांना प्रवाह बहुधा मिनिटाला ०.५ लिटर. क्लोरीनसाठी टेफ्लॉनची आखूड नळीच हवी. साध्या रबरी नळीत वायू मुरतो, सेन्सरपर्यंत कमी पोहोचतो आणि त्यावर केलेला स्पॅन चुकतो.

प्रमाणपत्र हाती आल्यावर सिरियल नंबर, प्रमाणित वायूच्या सिलिंडरचा क्रमांक व मुदत, अनिश्चितता (मापनातील संभाव्य फरकाची मर्यादा) आणि दोन्ही रीडिंग ताडून पाहा. वाहतुकीत उपकरणाला धक्का बसलेला असू शकतो. वापरात घेण्याआधी बंप टेस्ट करा, म्हणजे थोडा वायू सोडून सेन्सर आणि अलार्म प्रतिसाद देतात का ते पाहा. पुढेही रोज कामाआधी ती करायचीच, प्रमाणपत्र ताजे असले तरी.