पार्श्वभूमी : स्पॅनिश भाषकांचे हात आणि काळाची दिशा

स्पॅनिश बोलताना भविष्य पुढे असते आणि भूतकाळ मागे. ‘पुढचा आठवडा’, ‘मागचे वर्ष’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. बोलणाऱ्याचे हातही हीच दिशा पाळतात का, हा प्रश्न मात्र नेटाने तपासला गेला तो मुख्यतः 2000 नंतर.

मुळात ‘पुढे’ या कल्पनेतच गुंता आहे. ‘दे आओरा एन आदेलान्ते’ म्हणजे ‘आतापासून पुढे’. पण त्याच शब्दाच्या कुळातले ‘आदेलान्तार’ हे क्रियापद बैठकीला लावले, की बैठक ठरल्या वेळेच्या आधी होते. पहिल्या प्रयोगात पुढची बाजू बोलणाऱ्याची आहे. दुसऱ्यात घटनांची रांग आहे आणि जी आधी घडते ती रांगेत पुढे. त्यामुळे एखाद्या भाषेत ‘पुढे’चा शब्द भूतकाळासाठी वापरला जातो एवढ्यावरून तिचे भाषक भूतकाळाकडे तोंड करून उभे असतात असे म्हणता येत नाही, आणि या दोन ‘पुढे’ची गल्लत अभ्यासात वारंवार झाली. हात मात्र बोलणाऱ्याच्या स्वतःच्या शरीरापासून निघतो, म्हणून हातवाऱ्यांचा पुरावा इथे शब्दांपेक्षा वजनदार ठरतो.

याचे ठळक उदाहरण स्पॅनिशच्या शेजारीच सापडले. अँडीजमधल्या आयमारा भाषेत ‘नायरा’ म्हणजे डोळा, समोरची बाजू आणि भूतकाळही. ‘खिपा’ म्हणजे पाठ आणि भविष्य. शब्दांचा हा क्रम पूर्वीच नोंदवला गेला होता. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तर चिलीतल्या चित्रीकरणावर आधारित अभ्यासाने त्याला हातांची जोड दिली : वयस्क आयमारा भाषक जुन्या काळाबद्दल बोलताना हात समोर नेत, काळ जितका जुना तितका हात लांब, आणि येणाऱ्या दिवसांसाठी तो खांद्यामागे जाई. स्पॅनिशवर चांगली पकड असलेल्या तरुणांचे हात मात्र स्पॅनिश भाषकांसारखे, म्हणजे भविष्यासाठी पुढे, जात होते. पाहिलेले आणि न पाहिलेले यांत आयमाराचे व्याकरणच काटेकोर फरक करते, हे यामागचे कारण सांगितले गेले. ते पटण्याजोगे आहे.

त्यानंतरच्या संशोधनाने भाषेचा वाटा कमी केला. 2007 मधल्या प्रयोगात स्पॅनिश भाषकांनी भूतकाळाच्या शब्दांना डाव्या हाताने आणि भविष्याच्या शब्दांना उजव्या हाताने लवकर प्रतिसाद दिला, वास्तविक स्पॅनिशमध्ये काळाला डावे-उजवे असा वाक्प्रचार नाही. 2012 मध्ये इंग्रजी भाषकांचे सहज हातवारेही असेच आडवे निघाले. मुद्दाम करून दाखवायला सांगितल्यावर मात्र ते पुढे-मागे हात हलवू लागले. हा फरक लक्षात न घेता केलेल्या चाचण्यांवर किती विसंबायचे, हा प्रश्न त्यामुळे कायम आहे. आडव्या रेषेचे मूळ लिपीच्या दिशेत असल्याचे बहुतेक जण मानतात.

लिपीने पुढे-मागेचा उलगडा होत नाही. 2014 च्या एका अभ्यासात मोरोक्कोतील अरबी भाषकांनी, त्यांच्या भाषेत भविष्य पुढे असूनही, चित्रातल्या माणसासमोर भूतकाळ ठेवला, तर स्पेनमधल्या बहुसंख्यांनी भविष्य. परंपरेला दिलेले महत्त्व हे त्याचे कारण मांडले गेले. आणि आधी स्वतःच्या भूतकाळाबद्दल लिहायला लावलेल्या स्पॅनिश तरुणांमध्येही भूतकाळ समोर ठेवणाऱ्यांचे प्रमाण वाढले.