गॅलरीतील हिवाळी फुलझाडे (सोलापूर)

इमारतीच्या सज्जात, म्हणजे बोलीभाषेतल्या गॅलरीत, साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात कुंड्यांमधून फुलवली जाणारी हंगामी झाडे. शेवंती, झेंडू, पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स ही त्यांतली नेहमीची. सोलापूरच्या जुन्या धाब्याच्या घरांना गॅलरी नसे. तुळस अंगणात आणि फार तर दोन-चार डबे माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर. त्यामुळे ही पद्धत सदनिकांबरोबर रुळली असावी.

नावाचा वाद शेवंतीपुरता आहे. संस्कृतातील ‘सेवंती’ हे नाव मुळात आजच्या शेवंतीचे की गुलाबाचे, यावर एकमत नाही. हिंदीत ‘सेवती’ म्हणजे पांढरा गुलाब. त्यावरून गुलाबाचे नाव पुढे या चिनी फुलाला चिकटले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. झेंडू मेक्सिकोकडचा. तो बहुधा सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर पोर्तुगीजांमार्फत भारतात आला. दसऱ्याच्या तोरणात तो इतका मुरला आहे, की हे सांगितले तर घरच्यांना पटत नाही. ‘आफ्रिकन झेंडू’ हे नावही फसवेच.

शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब, सलग अंधारी रात्र लागते. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडला. सोलापूर (सु. १७° ४०′ उ.) येथे सर्वांत लहान दिवस सु. ११ तासांचा, तर सर्वांत मोठा १३ तासांहून थोडा अधिक. फरक जेमतेम दोन तासांचा. रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर येत असेल, तर रात्र सलग अंधारी राहत नाही; पाने दाट होतात आणि कळी धरणे लांबणीवर पडते. खताला दोष देण्याआधी कुंडी रात्री आडोशाला ठेवून पाहावी.

उन्हाचे गणितही असेच आहे. डिसेंबरअखेर माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला सु. ४९ अंशांवर असतो, म्हणून दक्षिणेची गॅलरी उन्हाने भरते. जूनमध्ये तो डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो आणि त्याच गॅलरीत दुपारी सावली पडते. उत्तरेच्या गॅलरीत हिवाळ्यात कोलियससारखी पानांच्या रंगाची झाडे बरी.

शेताची काळी माती नुसती भरू नये. ती वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाच्या भोकाने बाहेर पडते आणि मुळे कोरडीच राहतात. शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व थोडी वाळू मिसळल्यास हे टळते. शहरात नळाला रोज पाणी येत नसल्याने साठवणीच्या पिंपावर भिस्त असते. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो.

बी सप्टेंबरअखेर टाकतात, रोपे महिन्याभरात कुंडीत हलवतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, जानेवारीत, बहर भरात असतो. मार्चच्या उन्हात पिटुनिया करपते. शेवंतीचे बुडातले फुटवे तेवढे सावलीत हलवून पुढच्या हंगामासाठी राखतात.