चोवीस फुटांची पट्टी: फ्रान्समधले निवांत सायकलरस्ते आले कुठून?

फ्रान्सच्या कायद्यात 7.80 मीटर असा एक चमत्कारिक आकडा आजही आहे. जलवाहतुकीच्या नदीकाठी ज्याची जमीन आहे, त्याने काठालगत एवढ्या रुंदीची वाट मोकळी ठेवायची, असा तो नियम. मीटरमध्ये विचार करणारा माणूस आठ म्हणेल, साडेसात म्हणेल, 7.80 कशाला म्हणेल? पण हा आकडा मीटर जन्माला येण्याआधीचा आहे. 1669 साली, चौदाव्या लुईच्या राज्यात, त्याचा मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने जंगलं आणि जलमार्गांसाठी एक मोठं फर्मान निघालं. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी नदीकाठी 24 फूट जागा सोडावी आणि समोरच्या काठाला 10 फूट, असं त्यात लिहिलं होतं. त्या काळचे 24 फ्रेंच फूट म्हणजे 7.80 मीटर.

आज ल्वार नदीच्या काठाने किंवा वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतातल्या कालव्यालगत सायकल चालवणाऱ्याला गाडीचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही, त्याच्या मुळाशी अशा जुन्या तरतुदी आहेत. फ्रान्समधल्या शांत सायकलवाटांचं कौतुक करताना लोक सहज म्हणून जातात की तिथल्या सरकारने सायकलवाल्यांसाठी केवढं काम केलंय. काम केलंय हे खरं. पण पायाखालची जमीन त्याआधी तीनशे वर्षं तयार होत होती, आणि तीही घोड्यांसाठी, आगगाड्यांसाठी, बैलगाड्यांसाठी. सायकलचा त्यात कुणी विचारही केला नव्हता.

सुरुवात पाण्यापासून करू. दक्षिणेतला काॅनाल द्यु मिदी हा कालवा पिएर-पोल रिके या माणसाने 1666 ते 1681 या काळात खोदून घेतला. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत 240 किलोमीटर. कालवा पुरा होण्याच्या काही महिने आधी, 1680 मध्ये, रिके वारला. नावेला तेव्हा शीड किंवा वल्ही असत, पण कालव्याच्या अरुंद पात्रात दोन्ही निरुपयोगी. म्हणून काठावरून घोडे किंवा माणसं दोरखंडाने नाव ओढत. त्या वाटेला फ्रेंचमध्ये ‘शमाँ द आलाज’ म्हणतात, म्हणजे ओढवाट. ती पाण्याच्या पातळीशी जवळजवळ समांतर असते. पाणी चढावर जाऊ शकत नाही, म्हणून वाटही चढत नाही. जिथे लॉक असतो, म्हणजे दरवाजे लावून पाण्याची पातळी वरखाली करण्याची सोय असते, तिथेच काय तो छोटासा चढ लागतो. जुन्या कालव्यांवरच्या पुलांखालून जाताना जरा थांबून दगडी कोपरे बघावेत. ओल्या, वाळू चिकटलेल्या दोरांनी वर्षानुवर्षं घासून तिथे बोटभर खोल खाचा पडल्या आहेत. बोट फिरवलं की त्या गुळगुळीत लागतात. घोडे गेले, नावेला इंजिन आलं, मग माल ट्रकवर गेला. ओढवाट मात्र तिथेच राहिली.

ब्रिटनीतल्या नाँत ते ब्रेस्त कालव्याची कथा जास्त कडू आहे. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजी आरमाराने ब्रेस्तच्या बंदराची कोंडी केली होती. समुद्रातून जहाज आणता येईना, तेव्हा जमिनीतून पाणी न्यायचं ठरलं. 1811 मध्ये काम सुरू झालं, पण 360 किलोमीटरचा हा जलमार्ग पूर्ण खुला व्हायला 1842 उजाडलं. तोवर युद्धही संपलं होतं आणि नेपोलियनही. ग्लोमेल गावाजवळ डोंगरधारेतून खोल चर खणावा लागला. ते काम ब्रेस्तच्या तुरुंगातल्या कैद्यांनी 1823 ते 1832 या काळात फावडी-कुदळींनी केलं. आज त्या चराच्या दोन्ही अंगांना गर्द झाडी आहे. मार्गाच्या सगळ्यांत रम्य टप्प्यांपैकी तो एक मानला जातो. तिथून जाणाऱ्याने त्या कैद्यांची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं. पुढे विसाव्या शतकात गेर्लेदाँ इथे धरण झालं आणि सलग जलमार्ग तुटला. नावा थांबल्या, तेव्हा काठ चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळा मिळाला.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण चकचकीत फोटो बघून निघालेले लोक फसतात. ओढवाट म्हणजे डांबरी रस्ता नव्हे. काॅनाल द्यु मिदीवर तुलूझपासून सुमारे 50 किलोमीटर छान डांबर आहे. त्यापुढे बऱ्याच ठिकाणी माती, खडी आणि चिनाराच्या कुळातल्या ‘प्लेन’ वृक्षांची वर आलेली मुळं. ही झाडं एकोणिसाव्या शतकात काठ धरून ठेवण्यासाठी आणि सावलीसाठी लावली गेली. 2006 मध्ये त्यांच्यावर एका बुरशीचा रोग सापडला. औषध नाही, म्हणून रोगट झाड आणि त्याच्या आसपासची झाडं तोडून जाळावी लागतात. एकूण 42 हजार झाडांपैकी हजारो गेली. त्यांच्या जागी दुसऱ्या जातींची रोपं लावली जातायत. ती सावली देण्याइतकी वाढेपर्यंत एक पिढी जाईल.

दुसरा वारसा रेल्वेचा. 1870 च्या युद्धात जर्मनांकडून मार खाल्ल्यावर तिसऱ्या प्रजासत्ताकाला देश नव्याने बांधायचा होता. सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने याने 1878-79 मध्ये मोठी योजना मांडली: प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणाला रेल्वे पोहोचली पाहिजे. 1879 च्या कायद्याने सुमारे 8,700 किलोमीटर नव्या मार्गांना मंजुरी मिळाली. त्याच वर्षी कालव्यांचे लॉक किती लांब-रुंद असावेत याचंही देशभर एकच माप ठरलं, आणि ते आजही ‘फ्रेसिने माप’ म्हणूनच ओळखलं जातं. योजनेमागे राजकारण होतं, पैशाची उधळण झाली असा आरोपही झाला. तरी ज्या गावाने कधी बाहेरचं जग पाहिलं नव्हतं, तिथे स्टेशन आलं, घड्याळ आलं, पत्रं रोज येऊ लागली.

पण यातल्या बऱ्याच मार्गांना पुरेसे प्रवासी कधी मिळालेच नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर बस आणि ट्रक आले. 1 जानेवारी 1938 ला मोठ्या रेल्वे कंपन्या एकत्र करून एसएनसीएफ ही राष्ट्रीय रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि लगेचच तोट्यातल्या मार्गांवरच्या प्रवासी गाड्या बंद करायला सुरुवात झाली. युद्धानंतर 1950 ते 1970 च्या दशकांत हे सत्र चालूच राहिलं. रूळ उपटून भंगारात गेले, रुळांखालचे स्लीपर विकले गेले. उरली ती खडीची लांबच लांब पट्टी, तिच्यावर माजलेली काटेरी झुडपं आणि फाटकांजवळची गेटमनची छोटी घरं.

ही पट्टी सायकलसाठी सोन्यासारखी आहे, आणि त्याचं कारण वाफेचं इंजिन. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेचा चढ शेकडा दोन-तीनच्या पुढे सहसा जात नाही आणि वळणंही ऐसपैस असतात. टेकडी आली तर ती कापायची किंवा आतून जायचं, दरी आली तर पूल बांधायचा. तेव्हाच्या इंजिनियरांनी इंजिनाचे श्रम वाचवले आणि शंभर वर्षांनी त्याचा फायदा आठ वर्षांच्या मुलाच्या पायांना झाला.

बर्गंडीतल्या सोन-ए-ल्वार जिल्ह्यात जिव्री ते क्लुनी हा 44 किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग 1997 मध्ये सायकलवाट म्हणून खुला झाला. फ्रान्समधली पहिली ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हरित मार्ग, म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. द्राक्षमळ्यांच्या कडेने, ब्युक्सी, साँ-जाँगू, कोर्मातँ अशा गावांतून तो जातो. जुनी स्टेशनं वाटेत आहेत. कुठे नाव अजून भिंतीवर आहे, कुठे फलाटावर टेबलं मांडलेली आहेत. क्लुनीच्या पुढे माकाँकडे जाताना बुआ क्लेरचा बोगदा लागतो, सुमारे 1.6 किलोमीटर लांब. बाहेर उन्हाळ्याची काहिली असली तरी आत शिरल्यावर थंडगार. भिंतींना ओल, दिव्यांचा मंद उजेड, आणि टायरचा आवाज स्वतःलाच मोठा वाटू लागतो. हिवाळ्यात हा बोगदा बंद असतो, कारण वटवाघळं तिथे थंडीची झोप घेतात. तेव्हा सायकलवाल्याने डोंगरावरून वळसा घालायचा. मला हा नियम फार आवडतो.

बोर्दोजवळ असाच आणखी एक मार्ग आहे, लात्रेनपासून सोव्हतेर-द-ग्युयेनपर्यंतचा. त्याला रोजे लापेबीचं नाव दिलंय. लापेबी 1937 ची तूर द फ्रान्स जिंकला, आणि त्याच वर्षी तूरमध्ये गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळाली होती. त्याआधी कितीतरी वर्षं सेंत-एतियेनचा पोल द व्हिव्ही हा गृहस्थ गिअरचा प्रचार करत होता. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिहीत असे आणि 1887 पासून स्वतःचं सायकल मासिक चालवत असे. शर्यत जिंकण्यापेक्षा दिवसभर देश पाहत फिरावं, चढ आला तर हलका गिअर लावावा, यात कमीपणा नाही, हे त्याचं म्हणणं. फ्रेंच लोक ज्याला ‘सिक्लोतुरिझ्म’ म्हणतात, त्या सायकलभ्रमंतीचा तो आद्य पुरुष. 1936 मध्ये डाव्या पक्षांच्या पॉप्युलर फ्रंट सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, तेव्हा तंबू बांधून दोघांच्या टँडेम सायकलवर जोडपी समुद्राकडे निघाली. रस्ते तेव्हा रिकामेच होते, वेगळी वाट मागायची गरज नव्हती. ती गरज निर्माण झाली मोटारी वाढल्यावर.

आता तिसरा वारसा. शर्यतीच्या सडपातळ टायरची सायकल चालवणाऱ्यांसाठी तो पहिल्या दोन्हींहून मोठा आहे, पण त्याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं: गावरस्ते. अठराव्या शतकात राजाचे सरळसोट हमरस्ते शेतकऱ्यांच्या वेठीवर बांधले गेले. ती वेठ क्रांतीच्या थोडी आधी गेली. पण गावांना जोडणाऱ्या वाटा चिखलातच होत्या. 21 मे 1836 च्या कायद्याने प्रत्येक गावावर आपले रस्ते राखण्याची सक्ती केली. पैसा कमी पडला तर गावकऱ्याने वर्षातून तीन दिवस स्वतः राबायचं, गाडी-बैल-घोडा असेल तर तोही आणायचा. नको असेल तर रोख भरायची. देखरेखीला पगारी अधिकारी नेमले गेले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत खेड्यापाड्यांत पक्क्या रस्त्यांचं असं दाट जाळं विणलं गेलं की युरोपात त्याला तोड मिळणं अवघड. आज फ्रान्समध्ये सुमारे 3 लाख 80 हजार किलोमीटर जिल्हा मार्ग आणि जवळपास 7 लाख किलोमीटर गावरस्ते आहेत. हे सांभाळायला 35 हजारांच्या आसपास ग्रामपंचायती.

मग ते शांत कसे राहिले? दोन गोष्टी घडल्या. खेड्यांतली माणसं शहरात गेली, आणि 1960 नंतर मोटरवे झाले. 1970 मध्ये लिलपासून पॅरिस, लियाँमार्गे मार्सेपर्यंत मोटरवे सलग झाला आणि लांबचा ट्रक तिकडे वळला. मधले छोटे रस्ते दूधवाला, टपालवाला आणि ट्रॅक्टर यांच्यापुरते उरले. नकाशावर ते पांढरे किंवा पिवळे दिसतात. मिशलँ (मिशेलिन) कंपनीच्या नकाशात ज्या रस्त्यालगत हिरवी कड आखलेली असेल तो देखणा. जिल्हा मार्गावर पिवळ्या टोपीचा किलोमीटरचा दगड भेटतो. लाल टोपीचा भेटला तर समजावं, हा राष्ट्रीय महामार्ग आहे किंवा कधीकाळी होता.

आपल्याकडच्या सायकलवाल्यांची या रस्त्यांशी ओळख आहे ती पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसमुळे. 1891 मध्ये शर्यत म्हणून सुरू झालेली ही 1,200 किलोमीटरची फेरी आता दर चार वर्षांनी होते, 90 तासांच्या आत पूर्ण करायची असते. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात पहाटे 200 किंवा 300 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीला, निघणाऱ्या कितीतरी जणांच्या डोक्यात शेवटी ब्रेस्तच असतं. त्या वाटेवर रात्री दोन वाजता ब्रिटनीतल्या एखाद्या गावात अंगणात टेबल मांडून कॉफी आणि क्रेप देणारं कुटुंब भेटतं. ती गावं 1836 च्या त्याच रस्त्यांवर आहेत.

सरकार या सगळ्यात उशिरा आलं. डिसेंबर 1998 मध्ये सायकलमार्गांचा पहिला राष्ट्रीय आराखडा मंजूर झाला. सप्टेंबर 2004 च्या हुकमाने व्वा व्हेर्तला वाहतूक नियमांत जागा मिळाली: मोटार नसलेली वाहनं, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला रस्ता. त्याच्या जोडीला ‘वेलोरूत’ हा दुसरा शब्द आहे, आणि नवखे लोक इथेच गोंधळतात. वेलोरूत म्हणजे खुणा लावलेला लांब पल्ल्याचा मार्ग. तो काही अंतर हरित मार्गावरून जाईल, काही अंतर गावरस्त्यावरून, जिथे गाड्या असतातच, फक्त कमी. ल्वारकाठचा 900 किलोमीटरचा मार्ग असाच मिश्र आहे. 2012 मध्ये सुरू झालेला, रोस्कोफपासून स्पेनच्या सीमेपर्यंत अटलांटिक काठाने जाणारा 1,200 किलोमीटरहून लांब मार्गही तसाच. पांढऱ्या पाटीवरची हिरवी सायकल पाहून गाडी नसणारच असं गृहीत धरू नये. आता राष्ट्रीय आराखड्याचं लक्ष्य 25 हजार किलोमीटरांच्या पुढे गेलंय.

वाद संपलेले नाहीत. डांबर घालावं की चोपलेला मुरूम ठेवावा, हा पहिला. पादचाऱ्यांना मुरूम हवा, सडपातळ टायरवाल्याला डांबर. माझं मत डांबराच्या बाजूने आहे, कारण व्हीलचेअर आणि बाबागाडी पावसानंतरही त्यावरून जाऊ शकते. दुसरा वाद जमिनीचा आहे आणि तो जास्त गंभीर. जिथे बंद रेल्वेची पट्टी तुकड्या-तुकड्याने शेजाऱ्यांना विकली गेली, तिथे वाट अचानक कुणाच्या तरी कुंपणाशी संपते. पुढचे दोन-तीन किलोमीटर ट्रकांच्या रस्त्यावरून काढायचे आणि पुन्हा पट्टीवर यायचं. एकदा मोडलेली सलगता परत विकत घेणं फार महाग पडतं. तिसरी बाजू रेल्वेप्रेमींची: एकदा सायकलवाट झाली की गाडी परत येणार नाही, अशी त्यांना धास्ती, आणि हवामानाचा विचार करता ती रास्त आहे. म्हणून अनेक ठिकाणी रेल्वेने जमीन विकली नाही, फक्त वापर आणि देखभाल स्थानिक संस्थांकडे सोपवली आहे. वर सायकली धावतात, पण कागदोपत्री ती पट्टी अजून रेल्वेची आहे. उद्या गरज पडली तर तिच्यावर पुन्हा रूळ टाकता येतील.