घरचं नेट बदलण्याआधी मोबाईलवर स्पीड तपासा
लातूर आणि परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वायर न ओढता, गच्चीवर डबा बसवून टॉवरवरून घरभर वायफाय देणारं एअरफायबर एअरटेल आणि जिओने २०२३ मध्ये आणलं. तेव्हापासून दुकानात आलेला ग्राहक हमखास विचारतो, "फायबर काढून हे घ्यावं का?" आम्ही कोणत्याच कंपनीचं कनेक्शन विकत नाही, राउटर, वायरिंग आणि सीसीटीव्हीचं काम करतो. म्हणून सरळ सांगतो: आधी त्याच कंपनीच्या सिमवर, तुमच्याच घरात, रात्रीच्या वेळी स्पीड बघा. मग ठरवा.

ते सिम तुमच्याकडे नसेल तर शेजाऱ्यांना किंवा पाहुण्यांना फोन घेऊन घरी बोलवा. फोन ५जी हवा. ४जी फोनवरचा आकडा इथं कामाचा नाही. मोजताना वायफाय बंद करा. पुष्कळ जण इथंच चुकतात, वायफाय चालू राहतं आणि जुन्या फायबरचाच स्पीड मोजला जातो. दोन सिम असतील तर डेटा कोणत्या सिमवर आहे तेही बघा. दूरसंचार नियामक ट्रायचं मायस्पीड ॲप, स्पीडटेस्ट, फास्ट डॉट कॉम, काहीही चालेल. मात्र स्पीडटेस्ट जवळचा सर्व्हर (ज्याच्याशी जोडून स्पीड मोजतात तो कॉम्प्युटर) आपोआप निवडतं आणि तो बऱ्याचदा त्याच कंपनीचा निघतो. सर्व्हर बदलून मुंबईचा किंवा पुण्याचा, दुसऱ्या कंपनीचा घ्या आणि पुन्हा मोजा. ५जीवर एका टेस्टला काहीशे एमबी जाऊ शकतात, तेव्हा रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर जरा जपून.

सगळ्यात जास्त फरक वेळेचा पडतो. टॉवरचा स्पीड त्या भागातल्या सगळ्यांत वाटला जातो. दुपारी दोनला ३०० एमबीपीएस दाखवणारी जागा रात्री नऊला ३० वर येऊ शकते. ट्यूशन एरियात तर एकेका इमारतीत खोल्याखोल्यांतून पोरं राहतात; तिथं रात्रीचाच आकडा खरा धरा. एक सुट्टीचा आणि एक कामाचा दिवस, सकाळी आणि रात्री, एवढं तरी मोजा आणि कागदावर लिहा. नाहीतर सगळ्यात मोठा आकडा तेवढा लक्षात राहतो.

गच्चीवर मोजा आणि घरातही. जुन्या माळवदाच्या घरांच्या जाड दगडमातीच्या भिंती रेंज खातात, पत्र्याचं छतही अडवतं. घरात रेंज नाही पण गच्चीवर झकास असेल तर काळजी नको, कारण डबा वरच बसणार आहे. गच्चीवरही रडारड असेल तर तो विषय तिथंच सोडा. रेंजच्या दांड्यांवर जाऊ नका. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', मग 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नल उणे आकड्यात दिसतो. उणे ८० ते ९० चांगला. उणे ११० च्या खाली गेला की अवघड.

आकडा किती हवा? नेटफ्लिक्स एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगतं. चौघांच्या घरात रात्री ४०-५० टिकून मिळाले तरी खूप झालं. ऑनलाइन क्लास असेल तर अपलोड आणि पिंगही (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघा; पिंग सारखा १०० मिलिसेकंदांच्या वर उड्या मारत असेल तर सरांचा आवाज तुटणार.

सीसीटीव्ही असेल तर आधी आम्हाला विचारा. अशा कनेक्शनवर स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट घरच्या नेटपर्यंत पोहोचायचा पत्ता, सहसा मिळत नाही आणि त्या पत्त्यावरून राउटरमध्ये वाट करून देऊन (पोर्ट फॉरवर्डिंग) चालणारे जुने डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे, बाहेरगावाहून दिसायचे बंद होतात.

आणखी एक, मनापासून. आहे ते नेट मंद वाटतंय म्हणून बदलत असाल तर लॅपटॉपला राउटरची लॅन केबल जोडून एकदा मोजा. केबलवर पूर्ण स्पीड येत असेल तर कंपनीचा दोष नाही, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा जुना राउटर किंवा त्याची जागा बदलली की भागतं. कपाटामागे, टीव्हीखाली कोंबलेला राउटर आम्ही नुसता हॉलच्या मध्यावर आणून देतो आणि पुष्कळांचं काम तेवढ्यावरच होतं. त्याचे पैसे घेत नाही.

बदलायचं ठरलंच, तर मोबाईल नंबरसारखं हे पोर्ट होत नाही. जुनं कनेक्शन आपल्यालाच अर्ज देऊन बंद करावं लागतं. नव्यावर पंधरा दिवस काढल्याशिवाय जुनं तोडू नका, आणि कंपनीचा राउटर परत देताना पावती घ्या; डिपॉझिट अडकलं तर तीच कामाला येते.