म्युझियमनं लोकांचं ऐकायला कधी सुरुवात केली

आता कुठलंही म्युझियम किंवा एनजीओ घ्या, सोशल मीडियावर "हा फोटो ओळखा", "तुमच्या आठवणी पाठवा" असलं काहीतरी चालूच असतं, त्यामुळे हे पहिल्यापासून असंच असणार असं वाटतं. पण तसं नव्हतं. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम हे विज्ञानाचं म्युझियम वेबवर आलं तेव्हा जगात एकूण वेबसाइटच काही शेकडे होत्या, आणि नंतरही बरीच वर्षं म्युझियमची साइट म्हणजे पत्ता, वेळा, तिकीट आणि चार फोटो, बस्स. गंमत म्हणजे १९९४ ला चित्रांचं सगळ्यात गाजलेलं ऑनलाइन दालन उभं केलं ते निकोला पिओश या फ्रेंच तरुणानं, स्वतःच्या हौसेनं, वेबलूव्र नावानं. पॅरिसच्या लूव्र म्युझियमशी त्याचा अधिकृत संबंध नव्हता, म्हणून पुढे नाव बदलून वेबम्युझियम करावं लागलं. म्हणजे चित्रांच्या बाबतीत लोक आधी आले, संस्था मागून.

मग खरी अडचण लक्षात आली ती भाषेची. कॅटलॉगमध्ये कलाकार, काळ, माध्यम असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं, पण बघणारा शोधतो "निळी होडी" किंवा "रडणारं मूल". म्हणून २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही कला म्युझियमनी स्टीव्ह नावाचा प्रोजेक्ट केला, लोकांनाच चित्रांना टॅग लावू दिले, आणि त्यातले बहुतेक शब्द म्युझियमच्या नोंदीत नव्हतेच असं दिसलं!

माझ्या मते खरं वळण मात्र जानेवारी २००८ चं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तीन हजारांवर जुने फोटो फ्लिकर या फोटो शेअर करायच्या साइटवर टाकले, फ्लिकर कॉमन्स म्हणतात ते हेच. त्यातले बरेच फोटो १९१० च्या आसपासचे, एका वृत्तसंस्थेचे, काचेच्या निगेटिव्हवर एखादं आडनाव खरडलेलं, कधी तेही चुकीचं. लोकांनी जुने पेपर काढले, दुकानांच्या पाट्या वाचल्या, इमारती ओळखल्या, कुणाचं नाव, कुठली तारीख ते कमेंटमध्ये लिहिलं. फक्त एवढंच झालं असतं तर मी त्याला फार महत्त्व दिलं नसतं, पण तिथल्या स्टाफनं ते तपासलं आणि पहिल्याच वर्षात ५०० हून जास्त अधिकृत नोंदी सुधारल्या, माहिती कॉमन्सवरून आली असंही लिहिलं. लोकांचं ऐकलं याचा पुरावा म्हणजे हा. लाइक किती आले यावरून ते कळत नाही.

त्याच वर्षी ब्रुकलिन म्युझियमनं 'क्लिक!' प्रदर्शन केलं, फोटो लोकांचे आणि निवडही लोकांची, शिवाय कलेची जाण किती आहे हेही निवडणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारलं. २०१० ला लिअम वायट हे विकिपीडियाचे संपादक पाच आठवडे ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसले, तिथल्या क्युरेटर लोकांना त्यांनी विकिपीडियावाल्यांशी जोडून दिलं आणि त्यातून हॉक्सनच्या रोमन खजिन्यावरचा लेख पार उत्तम दर्जाला गेला.

एनजीओंचा रस्ता जरा वेगळा होता कारण तिथे पैशाची ओढ. २००५ ला किवा ही गरजूंना छोटी कर्जं मिळवून देणारी साइट आली, २५ डॉलर द्या, समोर कर्ज घेणाऱ्याचा फोटो आणि गोष्ट. लोकांना ते फार भावलं, पण २००९ मध्ये टीका झाली की यातल्या बहुतेकांना कर्ज आधीच मिळालेलं असतं, तुमचे पैसे मागून तिथल्या स्थानिक वित्तसंस्थेकडे जातात, मग किवाला साइटवरचं स्पष्टीकरण बदलावं लागलं. २०१४ च्या आईस बकेट चॅलेंजमधून एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारावर काम करणाऱ्या एएलएस असोसिएशनला ११ कोटी डॉलरच्या वर मिळाले, पैसा प्रचंड, पण तो सहभाग एका उन्हाळ्यापुरता.

याउलट २०१० चा हैतीचा भूकंप बघा. लोक ४६३६ नंबरवर क्रियोलमध्ये मेसेज करायचे, परदेशात राहणारे हैतीचे लोक बसल्या जागी भाषांतर करायचे आणि उशाहिदी या संकटाची माहिती नकाशावर मांडणाऱ्या साइटचे स्वयंसेवक ते नकाशावर टाकायचे. यात पैसा नाही, भाषा आणि गावाची माहिती कामाला आली, आणि ती बाहेरच्या मदत संस्थांकडे नव्हतीच.

पुढच्या दहा वर्षांत "सगळं खुलं करा" हा सूर वाढला. नेदरलँड्सच्या रेइक्सम्युझियमनं २०१२ मध्ये सव्वा लाख चित्रं मोफत दिली, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं २०१७ मध्ये पावणेचार लाख. चांगलंच झालं. पण ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू या आदिवासी लोकांचं म्हणणं वेगळं होतं, काही वस्तू फक्त बायकांनी बघायच्या, काही फक्त पुरुषांनी, वारलेल्या माणसांचे फोटो कसेही दाखवायचे नाहीत. त्यांच्यासोबत २००७ मध्ये मुकुर्तु हे डिजिटल संग्रहालय बनलं, कुणी काय बघायचं ते समाजच ठरवतो. पुढे ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोफत झालं. आणि १८९० मध्ये मेणाच्या सिलिंडरवर रेकॉर्ड केलेली अमेरिकेतल्या पासामाक्वोडी या आदिवासी समाजाची गाणी लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१८ मध्ये ऑनलाइन आणली तेव्हा गाण्यांची नावं त्या समाजाच्या भाषेत आली, आणि कुठलं गाणं कसं वापरायचं याची त्यांनीच ठरवलेली लेबलं कॅटलॉगमध्ये लागली.