जुना लॅपटॉप, नवी विंडोज

‘लॅपटॉप रडतखडत चालतोय? फॉरमॅट मारून नवी विंडोज टाका, नव्यासारखा पळेल.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतोही, कारण फॉरमॅटनंतर साचलेले प्रोग्रॅम जातात आणि थोडे दिवस खरंच हलकं वाटतं. पण ती करामत साफसफाईची, नव्या विंडोजची नाही. विंडोज ७ ची किमान अट १ जीबी रॅमची, म्हणजे चालू कामासाठीच्या मेमरीची, होती, विंडोज ११ ची ४ जीबीची आहे. बैल तोच, ओझं वाढलेलं. सुरक्षेसाठी नवी आवृत्ती जरूर घ्यावी, वेगासाठी नव्हे.

घरीच तपासा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. डिस्कखाली एचडीडी, म्हणजे फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, दिसतंय आणि नुसतं ब्राउझर उघडतानाही आकडा १०० टक्क्यांवर अडकून बसतो? मग अडचण त्या फिरत्या तबकडीची. रॅम काठोकाठ भरलेली असेल, तर रॅमची.

आईच्या लॅपटॉपचं असंच निघालं. तो सुरू होईस्तोवर तिचा चहा उकळून व्हायचा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली वेगवान डिस्क, आणली, तिच्यावर तीच जुनी विंडोज जशीच्या तशी उतरवली. आता आधण ठेवेपर्यंत पडदा उजळलेला असतो.